‘रोज कितना?’ च्या पुढचे प्रश्न

आमच्याकडे मुलगा बांधकामावर निघाला की घरात एकच प्रश्न होतो. “रोज कितना मिलेगा?” सातशे म्हटलं की चाचा मान हलवतात, नऊशे म्हटलं की अम्मी बॅग भरायला घेते. मग पुणे, संभाजीनगर, सुरत, कुठंही. मलकापूर किंवा शेगाववरून गाडी पकडायची आणि जायचं. काम कोणाचं, किती दिवसांचं, पैसे कधी, पडलो-झडलो तर पुढं काय, हे कोणी विचारत नाही. विचारलं तर मुकादम म्हणतो, “अभी से इतने सवाल, आगे क्या करेगा?” आणि शेजारी बसलेले त्याचीच बाजू घेतात.

मी शाळेत उर्दू आणि मराठी शिकवतो. त्यामुळं माजी विद्यार्थी कागद घेऊन माझ्याकडं येतात. बहुतेक वेळा काम संपल्यावर, भांडण झाल्यावर येतात. “सर, इसमें मराठी में क्या लिखा है?” कागदावर सही करून झालेली असते. आता जे कामावर निघण्याआधी येतात त्यांच्याशी मी जे बोलतो, ते इथं लिहून ठेवतो आहे.

पहिला प्रश्न मी पगाराचा सांगत नाही. मी सांगतो, विचार की मुक्कामावरून कामावर नेणार कसं आणि परत आणणार कसं.

याचं कारण आपल्याच जिल्ह्यात आहे. २० ऑगस्ट २०२१, जुम्म्याचा दिवस. समृद्धी महामार्गाचं काम जोरात चालू होतं. सिंदखेडराजा तालुक्यात, तढेगाव फाट्याजवळ, लोखंडी सळया आणि मजूर एकाच टिप्परमध्ये घेऊन निघालेली गाडी उलटली. मजूर सळयांखाली दबले. तेरा जण गेले. परराज्यातून आलेली माणसं होती. पुलावरून पडली नाहीत, खड्ड्यात गाडली गेली नाहीत. माल आणि माणूस एकाच फेरीत नेला की एक फेरी वाचते, डिझेल वाचतं, हिशोब एवढाच असतो.

आज त्या रस्त्यावरून आपण भरधाव जातो. ७०१ किलोमीटर लांबीचा महामार्ग, आपल्या जिल्ह्यात मेहकर, लोणार, सिंदखेडराजा, देऊळगावराजा तालुक्यांतून जातो. तो व्हायलाच हवा होता, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण सळयांवर बसलेल्या माणसाला कोणी विचारलं नव्हतं की तू यावर बसशील का. आणि त्यानंही विचारलं नसणार की दुसरी गाडी आहे का. नवा माणूस पहिल्या दिवशी जिथं बसवतील तिथं बसतो. म्हणून हा प्रश्न गाव सोडण्याआधी, घरच्या ओट्यावर बसून विचारायचा. तिथं गेल्यावर तो विचारता येत नाही.

दुसरा प्रश्न, माझा मालक कोण? मुलं उत्तर देतात, “फलाने मुकादम.” मुकादम मालक नसतो. मोठ्या कामात वर सरकारी महामंडळ किंवा बिल्डर, त्याखाली मुख्य कंपनी, तिचा ठेकेदार, त्याचा छोटा ठेकेदार आणि सगळ्यात खाली आपल्या मोहल्ल्यातला मुकादम. पैसा वरून खाली येताना प्रत्येक पायरीवर थोडा थोडा थांबतो, आणि जबाबदारी तर खालपर्यंत पोचतच नाही. साइटच्या दारात फलक असतो, त्यावर नावं असतात. पहिल्याच दिवशी त्याचा फोटो काढून घरी पाठवून ठेवा म्हणून मी सांगतो.

हे एवढं का? १९२३ पासून या देशात कामावर मेलेल्या, जायबंदी झालेल्या कामगाराला भरपाई देण्याचा कायदा आहे, आणि ठेकेदारानं हात वर केले तर ज्याचं मूळ काम आहे त्याच्याकडून ती मागता येते. त्या कायद्यातलं गणित असं होतं: महिन्याची मजुरी, जास्तीत जास्त १५ हजार धरून, तिचा निम्मा भाग, आणि त्याला वयाप्रमाणे ठरलेल्या आकड्यानं गुणायचं. पंचवीस वर्षांच्या मुलासाठी तो आकडा २१६.९१. म्हणजे ७,५०० गुणिले २१६.९१, सोळा लाख सव्वीस हजारांच्या वर. आता हा विषय नव्या सामाजिक सुरक्षा संहितेत गेला आहे. पण आपल्या लोकांना दवाखान्याच्या दारात पन्नास हजार रोख आणि एक कोरा कागद मिळतो, “यहाँ अंगूठा लगाओ”. मुलगा त्या साइटवर कामाला होता हेच सिद्ध करता आलं नाही, तर सोळा लाखांचं गणित कागदावरच राहतं. म्हणून तिसरा प्रश्न याला चिकटूनच येतो: माझं नाव हजेरीपटावर असेल का, आणि पैसे खात्यात येतील की हातात?

हातात म्हणजे ‘खर्ची’. ज्यांच्या घरात कोणी बांधकामावर आहे त्यांना हा शब्द समजावून सांगायला नको. आठवड्याला पाचशे-हजार खायला-प्यायला, बाकीचा हिशोब मुकादमाच्या डायरीत. माझा एक विद्यार्थी पुण्यात फरशीच्या कामावर होता. मुकादम दूरच्या नात्यातला. अकरा महिन्यांनी, ईदच्या आधी त्यानं हिशोब मागितला, तर डायरीत त्याच्या नावावर त्यानं कधी न घेतलेली उचल होती, मोबाइलचे पैसे होते, तो तापानं पडला त्या दिवसांचा खाडा होता आणि त्या दिवसांचं जेवणसुद्धा होतं. “हिसाब बराबर हो गया,” एवढं ऐकून तो गाडीत बसला. मी त्याला विचारलं, तू स्वतः काही लिहून ठेवलं होतंस का? तो म्हणाला, “सर, आदमी अपनाच था.”

हे ‘अपनाच था’ आपल्याला फार महागात पडतं. नात्यातल्या माणसाला लिहून माग म्हटलं की अविश्वास दाखवल्यासारखं वाटतं, बेअदबी वाटते. मला याचं नवल वाटतं, कारण कुरआनातली सगळ्यात लांब आयत, सूरह बकरातली २८२ वी, नमाजची नाही की रोज्याची नाही. ती उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याबद्दल आहे. लिहिणारा कसा असावा, साक्षीदार किती असावेत, रक्कम छोटी म्हणून लिहायचा कंटाळा करू नये, इथपर्यंत. थांबवून ठेवलेली मजुरी म्हणजे काय? मजुराची मुकादमाकडे असलेली उधारीच की.

आणि हजरत मूसा अलैहिस्सलाम यांचा किस्सा तर सरळ नोकरी ठरवण्याचाच आहे. मिस्रमधून जीव वाचवून मदयनला आलेला परका तरुण. हातात काही नाही, डोक्यावर छप्पर नाही. अशा गरजू माणसाला कोणत्याही अटीवर राबवता आलं असतं. पण सूरह कससमध्ये तो बुजुर्ग आधी मुदत बोलतो: आठ वर्षं, दहा केलीस तर ती तुझ्या मर्जीनं. तुला त्रासात टाकायचं नाही, हेही तोच सांगतो. मोबदला काय, तेही आधीच ठरतं. आणि मूसा मान डोलावून गप्प बसत नाहीत. दोन्हींपैकी कोणतीही मुदत पुरी केली तरी माझ्यावर जबरदस्ती होऊ नये, हे ते बोलून घेतात आणि अल्लाहला साक्षी ठेवतात. आपल्या जुम्म्याच्या बयानात हा किस्सा येतो तो विहिरीवरच्या मदतीसाठी आणि हयेसाठी. मुदतीची बोलणी मात्र पटकन उरकली जातात.

तास किती, हा पुढचा प्रश्न. ‘रोज’ म्हणजे आठ तास. त्यावर जादा काम झालं तर दुप्पट दर, असा कायदा आहे. आपल्याकडे स्लॅबच्या दिवशी सकाळी आठला चढलेला मुलगा रात्री अकराला उतरतो आणि त्याला एक बिर्याणी जास्त मिळते. रात्रपाळी आहे का, असेल तर उजेड कसा असतो, वर देखरेखीला कोण असतं, हेही विचारावं. १ ऑगस्ट २०२३ ला, मध्यरात्रीच्या सुमारास, याच समृद्धीवर शहापूरजवळ सरलांब्याला पुलाचा गर्डर बसवणारं यंत्र कोसळलं आणि वीस जण गेले. तिथल्या मजुराला यंत्राची चूक कळली असती असं मी म्हणत नाही. पण आपण कशाच्या खाली उभे राहणार आहोत, हे माहीत असण्याचा हक्क त्याला होता. हेल्मेट आणि पट्टा कोण देणार हा प्रश्न मी इथंच जोडतो. काही ठिकाणी ते देतात आणि पगारातून कापतात.

महाराष्ट्रात २०११ पासून बांधकाम कामगारांचं कल्याणकारी मंडळ आहे. वय १८ ते ६०, आणि मागच्या वर्षभरात ९० दिवस बांधकामावर काम केल्याचा दाखला, एवढ्यावर नोंदणी होते. नोंदीत कामगार कामावर दगावला तर घरच्यांना पाच लाख, नैसर्गिक मृत्यू असेल तर दोन लाख, मुलांना शिष्यवृत्ती. आपल्याकडे हे मंडळ भांड्यांच्या संचामुळं माहीत झालं. रांगा लागल्या, एजंटांनी कमाई केली, आणि ज्यांनी कधी घमेलं उचललं नाही त्यांच्या घरातही कुकर आले. खरे सेंट्रिंगवाले, मिस्त्री मात्र बाहेरगावी असल्यानं राहून गेले. तेव्हा ठेकेदाराला आधीच विचारायचं: ९० दिवसांच्या दाखल्यावर सही देणार का? जो इथंच टाळाटाळ करतो, त्यानं तुमचं नाव कुठंही लिहायचं नाही असं ठरवलेलं असतं.

आखातात जाणाऱ्यांचं थोडं वेगळं. दहावी नापास मुलाच्या पासपोर्टवर ‘ईसीआर’ असतं आणि त्याला सौदी, कुवेत, कतारसारख्या देशांत कामाला जाण्याआधी सरकारी मंजुरी लागते. एजंट नोंदणीकृत आहे का, हे ई-मायग्रेटच्या संकेतस्थळावर बघता येतं. त्याची फी तीस हजार आणि त्यावरचा कर, याहून जास्त घेता येत नाही. आपल्याकडे लाख-सव्वा लाख देऊन, तेही बहिणीचे दागिने मोडून, मुलं व्हिजिट व्हिसावर जातात. असा व्हिसा हातात आला तर पुढचा एकही प्रश्न विचारायची गरज नाही. जाऊ नये.

एवढ्यात एका विद्यार्थ्याची आई त्याच्याबरोबर आली होती. मी माझे सगळे प्रश्न सांगून झालो. तिनं विचारलं, “सर, सोएगा कहाँ?” मुलगा लाजला. तिनं तिथंच त्याला मुकादमाला फोन लावायला लावला आणि स्पीकरवर टाकायला सांगितलं. एका खोलीत किती जण? पत्रा आहे की स्लॅब? रात्री दाराला बाहेरून कुलूप लावता का? पाणी कुठलं? जून २०२४ मध्ये कुवेतच्या मंगफला कामगारांच्या इमारतीला आग लागून पंचेचाळीस भारतीय गेले, ते झोपले होते त्या जागीच. तिला ही बातमी माहीत असेल असं मला वाटत नाही. मुकादमानं कुलपापर्यंतची उत्तरं दिली. पाण्याचं विचारल्यावर म्हणाला, “आपा, बच्चा काम पे आ रहा है या शादी में?”

“आप पानी का बताओ,” ती म्हणाली.

टँकर येतो, एक दिवसाआड, असं त्यानं सांगितलं. तिनं ते माझ्या वहीत लिहायला लावलं, तारखेसह.