अर्धशिशी आणि ग्वारीघाट

जबलपूरला पोस्टिंग आल्यापासून रविवारची संध्याकाळ आम्ही दोघं ग्वारीघाटावर घालवतो. आरतीआधी नावाडी पलीकडच्या गुरुद्वाऱ्याच्या फेऱ्या मारत असतात, पायऱ्यांवर बायका दिव्यांचे द्रोण विकत बसलेल्या असतात. मागच्या महिन्यात नर्मदेत सोडलेले दिवे बघता बघता एका दिव्याच्या जागी नुसतं भोक दिसायला लागलं. मग त्याच्या कडेने करवतीच्या दातांसारखी चमकती रेघ. "वीस मिनिटं आहेत," मी बायकोला म्हटलं. तिला कळलं. रेघ विझली की डोक्याची एक बाजू ठणकायला लागते.

अर्धशिशी मला आईकडून मिळाली. तिचा उपाय म्हणजे सूर्योदयाच्या आत दूध-जिलेबी, आणि कपाळाला उगाळलेल्या सुंठेचा लेप. प्रबोधिनीत (म्हणजे खडकवासल्याला) हे सुचवायची सोय नव्हती. जबलपूरला खोव्याची जिलेबी मिळते, तेव्हा इथे आल्यावर तीही करून पाहिली. उपाशी राहिलं की माझं डोकं हमखास चढतं, त्यामुळे पहाटे पोटात काही पडण्याचा फायदा असावा. जिलेबीचं श्रेय किती, कोण जाणे.

मग वाचन सुरू केलं. रायबोफ्लेविन, म्हणजे बी-टू जीवनसत्त्व, रोज 400 मिलिग्रॅम. शरीराची रोजची गरज दोनेक मिलिग्रॅमची, म्हणजे हा डोस भाजीपाल्यातून मिळणारा नाही. 1998 च्या एका चाचणीत तीन महिन्यांनी त्याचा फायदा दिसला होता. लघवी पिवळीधमक होते, एवढंच. मॅग्नेशियमलाही थोडाफार आधार आहे. पहिल्या आठवड्यात मात्र त्याने मला डोक्यापेक्षा पोटाचीच काळजी लावली. बटरबर नावाच्या वनस्पतीच्या मी वाटेला गेलो नाही. अमेरिकन ॲकॅडमी ऑफ न्यूरॉलॉजीने 2012 साली तिची शिफारस केली आणि 2015 साली यकृताच्या धोक्यापायी ती मागे घेतली. 'नैसर्गिक आहे, अपाय नाही' म्हणणाऱ्यांना मी हे ऐकवतो.

तीन महिने वहीत नोंदी केल्या. महिन्याला सात झटके यायचे, ते चारावर आले. गोळ्यांमुळे, की वहीमुळे जेवण आणि झोप वेळेवर झाल्यामुळे, हे मला सांगता येणार नाही.

पण खरी गोष्ट वेगळीच. हे सगळं मी चोरून करत होतो. 'शेप वन' कॅटेगरी जाईल, पुढचं बोर्ड तोंडावर आलंय, म्हणून एमआय रूमची पायरी चढत नव्हतो. जीवनसत्त्वाची बाटली कुणाच्या डोळ्यांत येत नाही. फायरिंग रेंजवर एकदा डाव्या बाजूचे दोन जवान मला दिसेनासे झाले होते. फोन आल्याचं सोंग करून मी रेंज दुसऱ्या अधिकाऱ्याकडे दिली. हे बायकोलाही सांगितलं नव्हतं.

त्या रविवारी घाटाच्या भिंतीला डोकं टेकून बसलो होतो. शेजारी परिक्रमेला निघालेल्या साताऱ्याकडच्या एक आजी बसल्या होत्या, पांढरं लुगडं, काठी, कमंडलू. आमचं मराठी ऐकून सरकत आल्या. बायकोने माझ्या गोळ्यांची जंत्री त्यांना सांगितली.

आजींनी ऐकून घेतलं. "समदं खरं. पर डाक्टरला दावलं का?"

"नाही," बायको म्हणाली आणि माझ्याकडे बघत राहिली.

"का रं बाळा? भ्या वाटतं?"

पंचवीस वर्षं वर्दीत काढलेल्या माणसाला हे विचारायची हिंमत एरवी कुणाची होत नाही. आरतीची घंटा सुरू झाली होती, प्रत्येक टोल डोक्यात बसत होता. मी डोळे मिटूनच बायकोला रेंजवरचा प्रसंग सांगितला. ती काही बोलली नाही. आजी "नर्मदे हर" म्हणून उठल्या आणि आरतीला गेल्या.

सोमवारी सकाळी पीटीनंतर एमआय रूमच्या बाकावर बसलो. माझ्या आधी पाय मुरगळलेला एक रिक्रूट होता. मला बघून उभा राहायला लागला, त्याला खाली बसवलं. डॉक्टर माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी लहान. वही उलटत त्यांनी आधी वेदनाशामक गोळ्या मोजल्या, कारण त्या महिन्यात फार दिवस घेतल्या तर त्यांच्यामुळेच डोकं दुखत राहतं. बी-टू चालू ठेवायला हरकत नाही म्हणाले. मग रेंजच्या पानाशी थांबले.

"सर, हे कधीचं?"

मी तारीख सांगितली.

"कॅटेगरीचं नंतर बघू," ते म्हणाले. "बाही वर करा, आधी बीपी घेऊ."