चाकणची मधली पायरी

लंडनच्या नॉर्थ सर्क्युलर रस्त्यालगत, वेम्ब्लीजवळ 'एस कॅफे' आहे. १९३८ साली ट्रकवाल्यांसाठी सुरू झालेलं, १९६९ला बंद पडून २००१मध्ये पुन्हा उघडलेलं हे ठिकाण म्हणजे बाइकवाल्यांची पंढरीच. इथं चहा घेताना कुणालाही 'पहिली गाडी कुठली?' एवढंच विचारा, सगळं आयुष्य उलगडतं.

आपल्याकडे बाबांची लूना, मग काकांची जुनी स्प्लेंडर, असा प्रवास. इथं पायऱ्या कायद्यानं बांधल्यात. सतराव्या वर्षी १२५ सीसी, एकोणिसाव्या वर्षी ४७ अश्वशक्तीपर्यंत आणि त्यानंतर दोन वर्षांनी परीक्षा देऊन हवी ती स्पोर्टबाइक. मधली पायरी नको असेल, तर चोविशीपर्यंत थांबा.

माझा वीस वर्षांचा भाचा हजार सीसीचं स्वप्न बघतोय आणि पुण्यात ताईला झोप नाही. सध्या त्याच्याकडे केटीएम आरसी ३९० आहे, आणि ती बनते चाकणला! ताईला हे सांगितलं तर म्हणाली, "चाकणची असो नाहीतर लंडनची, हळू चालव म्हणावं."

"मावशी, अजून एक वर्ष!" तो कुरकुरतो. मी शाळेत शिकवलंय. इयत्ता गाळून वर बसवलेल्या मुलांची दमछाक पाहिलीय. हे वर्ष त्याला पुरेपूर मिळू दे.