ड्रम न उघडता केलेलं ब्रेक सेटिंग

पावतीवर ‘ब्रेक सेटिंग’ असं स्वच्छ अक्षरात लिहिलं होतं आणि मागच्या चाकांचे ड्रम कुणी उघडलेसुद्धा नव्हते. गोष्ट जुनी झाली, ती मारुती ८०० विकूनही झाली, पण पावती आठवली की अजून माझं डोकं फिरतं. पैशांसाठी नाही. त्या गाडीत मागच्या सीटवर आई बसली होती.

कळंबचा माणूस मोठ्या दवाखान्यासाठी लातूर नाहीतर सोलापूर गाठतो. आईच्या डोळ्यांचं सोलापूरला चालू होतं. हातब्रेक फार वर यायला लागला होता, पेडलही खाली जात होतं, म्हणून आदल्या दिवशी गाडी एका गॅरेजात दिली. तासाभरात परत मिळाली. “मालक, ब्रेक एकदम कडक केलेत.” कडक होतेच. हातब्रेक एकदोन खटक्यांतच धरत होता, पेडलही वर आलं होतं. येरमाळा, येडशी, धाराशिव, तुळजापूर, सगळं नीट गेलं.

तुळजापूरचा घाट सोलापूरकडे उतरताना आधी जळका वास आला. मग पेडल जरा खोल गेलं, पुढच्या वळणावर आणखी खोल, आणि दाबलं की गाडी एका अंगाला ओढायला लागली. मी गाडी दुसऱ्या गिअरमध्ये टाकली, हॉर्न दाबून धरला आणि कडेकडेने खाली आणली. आई विचारत होती, “काय जळतंय रे?” सपाटीला थांबून पाहिलं तर मागच्या चाकाच्या आतल्या बाजूला ब्रेक ऑइलचा ओघळ, आणि ड्रम असा तापलेला की हात जवळ नेववेना.

सोलापुरातल्या एका म्हाताऱ्या मिस्त्रींनी ड्रम काढला. आत वर्षानुवर्षांची काळी भुकटी, रिव्हेटला टेकलेलं लायनर आणि ऑइलने भिजलेला शू. त्यांनी हातब्रेकच्या केबलकडे बोट दाखवलं. केबलचा नट जवळजवळ शेवटपर्यंत आवळलेला होता. कळंबात झालेलं सेटिंग एवढंच.

हे नीट सांगायला हवं, कारण कितीतरी गाड्यांच्या बाबतीत हेच चालतं. ड्रममध्ये दोन अर्धगोल शू असतात. पेडल दाबलं की व्हील सिलिंडर त्यांना बाहेर ढकलतो, त्यांच्यावरचं लायनर ड्रमला आतून घासतं, सोडलं की स्प्रिंग त्यांना मागे ओढते. लायनर झिजलं की शू आणि ड्रममधलं अंतर वाढतं आणि पेडल खोल जायला लागतं. हे अंतर भरून काढायला ॲडजस्टर असतो. जुन्या जीपमध्ये तो हाताने फिरवायचा, माझ्या गाडीत तो आपोआप पुढे सरकणारा होता. पण त्याची एक अट असते. ब्रेक सोडल्यावर शू आणि हातब्रेकची दांडी पूर्णपणे आपल्या जागी परत यायला हवी. केबल ताणून ठेवली की दांडी अर्धवट ओढलेलीच राहते आणि ॲडजस्टर सरकायचाच थांबतो. वरून शू ड्रमच्या जवळ आल्यामुळे पेडल मात्र कडक लागतं. म्हणजे गिऱ्हाइकाला वाटतं काम झालं, आणि आत घासत राहिलेला शू ड्रम तापवत बसतो. तापलेला ड्रम प्रसरण पावतो, म्हणजे शूपासून लांब जातो. डिस्कचं तसं होत नाही, ती तापली तर पॅडच्याच दिशेने फुगते. आधीच थकलेल्या सिलिंडरच्या रबराने त्या उष्णतेत हात टेकले आणि ऑइल लायनरवर आलं.

आमचे आप्पा, म्हणजे माझे चुलते, येरमाळ्याच्या येडेश्वरीच्या यात्रेत जीपच्या फेऱ्या मारत. चारही चाकांना ड्रम. घाटरस्त्याला निघण्याआधी ते प्रत्येक चाक जॅकवर घेत, बाकीच्या चाकांना दगड लावत आणि बॅकप्लेटमागचा ॲडजस्टर चाक अडेपर्यंत आवळत. मग चाक हाताने मोकळं फिरेल, नुसती हलकी घासणूक ऐकू येईल, इतकाच तो ढिला करत. पेडल दाबून शू मध्यावर बसवायचे, पुन्हा फिरवून बघायचं. एकेका चाकाला किती वेळ द्यायचे! मला तेव्हा कंटाळा यायचा. लुई रेनॉने १९०२ च्या सुमाराला गाडीला बसवलेली ही ड्रम ब्रेकची रचना आहे, कुणालाही कळण्यासारखी. म्हणूनच ड्रम न उघडता पैसे घेणं मला जास्त लागतं.

परत आल्यावर भांडायचं ठरवून मी त्या गॅरेजात गेलो. मालक नव्हता. केबल आवळणारा पोरगा होता, मिसरूडही फुटलेलं नाही. तो ड्रममधली भुकटी तोंडाने फुंकत होता. जुन्या लायनरमध्ये ॲसबेस्टॉस असायचं, आपल्या देशात त्याच्या वापरावर अजूनही सरसकट बंदी नाही आणि ती धूळ फुप्फुसात बसली की निघत नाही. मी भांडण विसरून त्याच्यावर ओरडलो, ओलं फडकं घे म्हणून. आयटीआयमध्ये मोटार मेकॅनिकचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम असतो. ह्याला कुणी दोन दिवससुद्धा शिकवलं नव्हतं. त्याच्यावर राग धरता येईना. पण मालकावरचा गेला नाही, आणि जायचंही कारण नाही.

तेव्हापासून लोकांना सांगत आलो की ब्रेकचं काम स्वतः शिका. आता तसं म्हणवत नाही. एका शेजाऱ्याने ड्रम काढलेला असताना पोराला पेडल दाबायला लावलं आणि सिलिंडरचे पिस्टन बाहेर उडाले. दुसऱ्या एकाने ब्रेक ऑइल म्हणून इंजिन ऑइल ओतलं, सगळी रबरं फुगली. तेव्हा काम मिस्त्रीकडेच द्या, पण शेजारी उभे राहा. ड्रम डोळ्यांसमोर काढायला लावा. लायनर बदलायचं तर एकाच चाकाचं नको, दोन्ही बाजूंचं बदला, नाहीतर गाडी ओढणारच. सिलिंडरच्या रबराची कड उचलून आत ओल आहे का बघा. ड्रमवर कमाल व्यास कोरलेला असतो, त्यापुढे घासलेला असेल तर लेथवर नेऊन उपयोग नाही, नवाच घ्या. हातब्रेकची केबल सगळ्यात शेवटी, शूचं सेटिंग झाल्यावरच. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषतं. डॉट ३ ताजं असताना निदान २०५ अंशांना उकळतं, पाणी धरलं की हीच मर्यादा १४० पर्यंत उतरते, आणि उकळलेल्या ऑइलची वाफ दाबली तरी ब्रेक लागत नाही. दोन वर्षांनी ते बदला. गॅरेजवाला “अजून चालतंय की, मालक” म्हणाला तरी बदला.