हरणी

शेल्टरच्या कार्डावर हरणीच्या नावापुढे शेरा होता, ‘इतर कुत्र्यांशी जमत नाही’. हरणाच्या रंगाची, लांब पायांची गावठी कुत्री. नसबंदीची खूण म्हणून एका कानाचं टोक कापलेलं. शेरा खोटा नव्हता. पिंजऱ्यासमोरून दुसरं कुत्रं नेलं की ती जाळीवर झेप घ्यायची. पण तिथे चहूकडे कुत्रीच. त्यांचा वास येतो, भुंकणं ऐकू येतं. मात्र जवळ जाऊन हुंगता येत नाही आणि लांबही पळता येत नाही. अशा जागी दिसलेला स्वभाव अर्धा त्या जागेचाच असतो.

पुण्यात आमच्याकडे आल्यावरही सुरुवातीला रस्त्यावर तेच व्हायचं. मोकळी कुत्री एकमेकांना भेटतात ती वळसा घेऊन, बाजूने, आधी शेपटीकडचा वास घेत. डोळ्याला डोळा भिडवून सरळ चालून येणं त्यांच्यात उद्धटपणाचं. अरुंद फुटपाथवर पट्टा ताणून आपण त्यांना नेमकं तसंच समोरासमोर आणतो. शेल्टरमध्ये काम करणाऱ्या एका ताईंनी मार्ग सुचवला: भेटवू नका, बरोबर चालवा. शेजारच्या काकांचा बंड्या म्हातारा, शांत. वेताळ टेकडीवर दोघांना एकाच दिशेने, पण मधे भरपूर अंतर ठेवून फिरवायला लागलो. अंतर आम्ही नाही, हरणीने कमी केलं. एका सकाळी तिने पुढचे पाय पसरले, छाती जमिनीला टेकवली, ढुंगण वर केलं. कुत्र्यांच्या जगात याचा अर्थ एकच, ‘चल, खेळू या!’ बंड्याच्या गुडघ्यांना खेळ झेपत नव्हता. तो नुसता तिच्याभोवती फिरला. तिला तेवढं पुरलं.

शेपटीचा अर्थ मात्र इतका सरळ नसतो. इटलीतल्या संशोधकांनी २००७ मध्ये दाखवलं होतं, की मालक दिसला की कुत्र्याची शेपटी उजवीकडे जास्त झुकते आणि दांडगं अनोळखी कुत्रं समोर आलं की डावीकडे. तेव्हापासून शेपटी हलली म्हणजे कुत्रं खूश, असं मी कुणाला म्हणू देत नाही.

खालच्या मजल्यावरच्या लॅब्रेडॉरशी मात्र तिचं शेवटपर्यंत जमलं नाही. तो दुष्ट नव्हता. त्याला फार लवकर आईपासून तोडून विकलं होतं. आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकू नये, असा नियम आपल्याकडे २०१७ पासून आहे, पाळतो कोण? तिसऱ्या आठवड्यापासून साधारण बाराव्या-चौदाव्यापर्यंतच्या दिवसांत पिल्लू आई-भावंडांकडून शिकतं, की चावा किती जोरात घ्यायचा आणि समोरच्याने मान वळवली की थांबायचं. हरणी रस्त्यावर वाढलेली, तिला हे सगळं पक्कं येत होतं. तो अंगावर धावून आला की ती आधी तोंड फिरवायची, मग जीभ नाकावरून फिरवायची, मग जागच्या जागी थिजायची. त्याला यातलं काहीच कळायचं नाही. शेवटी ती गुरगुरायची आणि जिन्यातली माणसं म्हणायची, ‘भांडखोर आहे हो तुमची कुत्री!’

मला याचा फार राग यायचा. गुरगुरणं ही तिची शेवटची विनंती होती. त्यासाठी ओरडा खाल्लेलं कुत्रं पुढे गुरगुरायचं सोडून देतं आणि न सांगता चावतं. हरणी कधी कुणाला चावली नाही, कारण तिला सांगायची मुभा होती.

पिल्लांशी तिचं वागणं पाहून तर मी थक्क व्हायचे. वॉचमनच्या खोलीमागे व्यायलेल्या कुत्रीची पिल्लं तिच्या शेपटीला लोंबकळत. जोरात चावलं की ती छोटीशी गुरगुर करी, पिल्लू उताणं होई. मग ती जरा थांबून, स्वतःच पुढचे पाय पसरून त्याला परत खेळात ओढून घेई.

बंड्या गेल्यावर चहाच्या टपरीवरची एक काळी कुत्री तिची मैत्रीण झाली. त्याहून जास्त गोतावळा तिने कधी मागितला नाही. समोरून अनोळखी कुत्रं आलं की ती माझ्याकडे एकदा बघायची आणि आम्ही दोघी रस्ता ओलांडायचो.