पांढऱ्या हत्तीचे गाव

अमेरिकेतील बेसबॉलच्या शौकिनाचे नवे वर्ष जानेवारीत उगवत नाही. फेब्रुवारीच्या मध्यास, उत्तरेकडील शहरे अद्याप बर्फाखाली असताना, पिचर आणि कॅचर ॲरिझोनाच्या वा फ्लॉरिडाच्या उन्हात सरावासाठी दाखल झाल्याची चार ओळींची बातमी येते आणि त्याचे पंचांग बदलते. त्या दिवशी सर्व संघ समान असतात; कोणीही एकही सामना हरलेला नसतो. मागील हंगामात शंभर सामने गमावणाऱ्या संघाचा चाहताही १६२ सामन्यांचे कोरे वेळापत्रक पुढ्यात घेऊन हिशेब मांडू लागतो. अमक्याचा खांदा बरा झाला, तमक्या नवख्या पोराच्या हाताला वळण लागले, तर... या 'तर'वर त्याचा सारा वसंत उभा असतो.

ओकलंडच्या एका चाहत्याला २०२५ च्या फेब्रुवारीत हा 'तर' उच्चारता येईना. संघ हरला असता तर त्याला दुःख होते, पण ते सवयीचे होते. येथे संघच गाव सोडून गेला होता. १९६८ पासून ५७ हंगाम ओकलंडमध्ये काढलेल्या ॲथलेटिक्स संघाने २६ सप्टेंबर २०२४ रोजी कोलिसियमच्या मैदानावर टेक्सस रेंजर्सला ३-२ असे हरवले, ४६,८८९ प्रेक्षकांचा निरोप घेतला आणि सामान बांधले. शेवटच्या सामन्यात जिंकून निघून जावे, यातही एक क्रूर विनोद आहे.

या गृहस्थाची भक्ती आरडाओरड्याची नव्हे, लेखनिकाची. सामना पाहताना अथवा रेडिओवर ऐकताना तो स्कोअरबुक लिहितो. बेसबॉलची ही लिपी रूढ करण्याचे बरेचसे श्रेय इंग्लंडमध्ये जन्मलेल्या आणि आधी क्रिकेटचे वार्तांकन करणाऱ्या हेन्री चॅडविक या पत्रकाराला दिले जाते. प्रत्येक क्षेत्ररक्षकाला एक अंक असतो: पिचर १, कॅचर २, पहिल्या बेसवरचा ३, तिसऱ्या बेसवरचा ५. तिसऱ्या बेसवरच्याने चेंडू अडवून पहिल्याकडे फेकला आणि फलंदाज बाद झाला, की चौकोनात '५-३' लिहावयाचे. तीन स्ट्राइकमध्ये बाद झालेल्यासाठी 'के' हे रोमन अक्षर. आणि तिसरा चेंडू नुसताच पाहत उभा राहिला असेल, तर तेच अक्षर उलटे. काहीही न करता उभे राहण्याच्या अपराधाला स्वतंत्र चिन्ह असणारी दुसरी लिपी सहसा आढळणार नाही.

त्याच्या फळीवर अशा वह्यांची रांग आहे. १७ ऑक्टोबर १९८९ च्या पानावर दोन्ही संघांची नावे नीट लिहिलेली आहेत आणि त्यापुढील सर्व चौकोन रिकामे आहेत. ओकलंड आणि सॅन फ्रान्सिस्को यांच्यातील अंतिम मालिकेचा तिसरा सामना सुरू होण्यापूर्वीच भूकंप झाला. मालिका दहा दिवसांनी पुन्हा सुरू झाली, ओकलंडने ती जिंकली. पण त्याने ते पान पुसले नाही की फाडले नाही. १ मे १९९१ चे पान मात्र हाताळून मळले आहे. त्या दिवशी ओकलंडच्या गल्ल्यांत वाढलेल्या रिकी हेंडरसनने ९३९ वा बेस चोरून लू ब्रॉकचा विक्रम मोडला. कोलिसियममधल्या त्या अखेरच्या दुपारी पहिला औपचारिक चेंडू टाकणाऱ्यांत हेंडरसन होता. २० डिसेंबर २०२४ रोजी तो गेला. चाहत्याने त्या हिवाळ्यात दोन सुतके पाळली असे म्हटले, तर ते अतिशयोक्त ठरू नये.

संघ का गेला, याचे हिशेब पुष्कळ झाले. स्टेडियम जुने, गटारे तुंबत, बाके रिकामी, सारे खरे. परंतु १३ जून २०२३ रोजी याच रिकाम्या बाकांवर २७,७५९ माणसे 'संघ विका' असे मालकाला ओरडून सांगण्यासाठी मुद्दाम जमली होती, हेही खरे. नोव्हेंबरमध्ये मालकांच्या सभेत स्थलांतराच्या बाजूने तीस मते पडली; विरोधात एकही नाही. त्या मतदानात प्रेक्षकाला स्थान नव्हते, आणि ते नसते हे त्याला साठ वर्षांच्या आयुष्यात प्रथमच नीट कळले.

तरीही एक गोष्ट त्याला रात्री छळते. हा संघ ओकलंडचा तरी कोठे होता? १९०१ पासून ५४ हंगाम तो फिलाडेल्फियाचा होता, नंतर तेरा कॅन्सस सिटीचे. १९०२ मध्ये जॉन मॅग्रॉने या संघाला 'पांढरा हत्ती' म्हणून हिणवले, तेव्हा फिलाडेल्फियाच्या कॉनी मॅकने तोच हत्ती अभिमानाने चिन्ह म्हणून स्वीकारला. ओकलंडच्या पोरांनी १९६८ मध्ये ज्याचे स्वागत केले, तो हत्ती दुसऱ्याच्या अंगणातून सोडून आणलेला होता. त्या वर्षी कॅन्सस सिटीत कोणी तरी वही मिटून ठेवली असणार. लहानपणी हे त्याच्या मनातही आले नव्हते.

मराठी माणसाला यापुढचा प्रकार विशेष चमत्कारिक वाटेल. गाव सोडून मुंबईत तीन पिढ्या घालवलेल्या कुटुंबाच्या आडनावातील 'कर' सुटत नाही. जेथे घर नाही, शेत नाही, त्या गावाचे नाव शाळेच्या दाखल्यापासून मृत्युपत्रापर्यंत सोबत चालते. येथे संघाने ओकलंडचे नाव टाकले आणि दुसरे घेतलेही नाही. लास व्हेगसला नवे स्टेडियम होईपर्यंत सॅक्रामेंटोत मुक्काम करावयाचा आणि स्वतःला नुसते 'ॲथलेटिक्स' म्हणवायचे, असे ठरले. एका बाहीवर सॅक्रामेंटोची खूण, दुसऱ्या बाहीवर लास व्हेगसची. छातीवर कोणतेच गाव नव्हते. शिवाय मुक्कामाचे ते सुमारे चौदा हजार प्रेक्षकांचे मैदान सॅन फ्रान्सिस्को जायंट्सच्या कनिष्ठ संघाचे. शेजारच्या प्रतिस्पर्ध्याच्या ओसरीवर पथारी टाकण्यासारखेच हे.

त्याच्या परिचितांपैकी काहींनी बेसबॉलच सोडला. काही पश्चिम ओकलंडमधील रायमोंडी पार्कवर जाऊ लागले. तेथे २०२४ पासून बॉलर्स नावाचा एक छोटा स्वतंत्र संघ खेळतो. तोही एकदा जाऊन आला. खेळ बरा होता, हवा छान होती. वही मात्र त्याने पिशवीतून काढली नाही.

सॅक्रामेंटो सुमारे १३० किलोमीटरांवर आहे. सकाळी निघून रात्री परतता येते. अंतर ही अडचण नव्हेच. जावे, तर गाव विकणाऱ्याच्या खिशात तिकिटाचे पैसे पडतात. न जावे, तर ज्या पोरांना त्याने पहिल्या सामन्यापासून चौकोनाचौकोनांतून वाढताना पाहिले, त्यांचा काय अपराध? कोलिसियममधील शेवटच्या चौकोनात त्याच्या हाताने लिहिलेले '५-३' आहे. तिसऱ्या बेसवरून पहिल्याकडे फेकलेला तो चेंडू नेहमीसारखाच होता.

मार्चच्या मध्यास त्याने नवी वही आणली. तिच्या प्रत्येक पानावर दोन रकाने असतात, वरचा पाहुण्यांचा आणि खालचा यजमानांचा. २७ मार्चचा पहिला सामना सिॲटलला होता. तेथे ॲथलेटिक्स पाहुणे, म्हणून त्यांची नावे वरच्या रकान्यात लिहिण्यात अडचण नव्हती. चार पाने उलटून तो ३१ मार्चच्या पानाशी आला. सॅक्रामेंटोतील पहिला सामना, समोर शिकागो कब्ज. खालच्या रकान्याच्या डोक्यावर संघाचे नाव लिहिण्यासाठी एक लांब रेघ छापलेली असते, आणि तिच्यावर गेली कित्येक वर्षे तो फक्त गावाचे नाव लिहीत आला होता. त्याने पेन्सिलीला टोक काढले आणि ती पानावर आडवी ठेवून दिली.