दांडा

आमच्या गल्लीतला हापसा चोरीला गेला असता तर पोलिसांत तक्रार तरी करता आली असती. चोरीला गेलं ते त्यातलं पाणी, आणि त्याला चोरी म्हणायला कायदा तयार नाही. माझा राग अजून उतरलेला नाही.

झाशीच्या खंडेराव गेटजवळ आमचं घर. मराठा सुभेदार नारोशंकरांच्या वेळेपासून इथे मराठी माणसं आहेत. पुण्याचे पाहुणे आले की राणीचं विचारतात, पाण्याचं विचारत नाहीत, ते असो. नळाला माताटीला धरणाचं पाणी येतं, येतं तेव्हा. बाकी सगळी भिस्त हापशावर.

तो इंडिया मार्का-२. १९६६-६७च्या दुष्काळानंतर कातळ फोडणारी यंत्रं आली, बोर झाले, पण त्यांवर बसवलेले ओतीव लोखंडाचे पंप गावभराच्या हातांखाली मोडायचे. आधी जालन्यात, मग सोलापुरात मिशनशी जोडलेल्या माणसांनी दणकट पोलादी पंप बनवला आणि सत्तरच्या दशकात युनिसेफच्या मदतीने त्यातूनच हा मार्का-२ घडला. म्हणजे आमच्या गल्लीतला सगळ्यात कामाचा मराठी तोच.

शेजाऱ्यांनी वर मजले चढवले, खोल्या भाड्याने दिल्या आणि समरसेबल पंप टाकायचं ठरवलं. रात्री बोरची गाडी आली. कॉम्प्रेसरने आमच्या फडताळातल्या बरण्या थरथरत होत्या. आधी तांबूस मुरूम वर आला, मग राखाडी पूड, तासन्‌तास नुसती पूड. इथला ग्रॅनाइट स्वतः पाणी धरत नाही. पाऊस मुरतो तो वरच्या झिजलेल्या थरात आणि खालच्या भेगांत. भेग लागली तर पाणी. त्यांना लागली. पहाटे फवारा उडाला, नारळ फुटला, पेढे आमच्याकडेही आले. आम्ही खाल्ले.

उन्हाळ्यात हापशाचा दांडा हलका लागायला लागला. आधी थोडं हापसलं की धार लागायची, मग हापसणारी घामाघूम झाली तरी नुसती गुळणी. दुपारी त्यांची मोटर बंद असली की तासाभराने पाणी चढायचं. मोटर सुरू झाली की दांडा खडखडायचा. मी ओट्यावर बसून हे पुन्हा पुन्हा ताडून पाहिलं. त्यांची टाकी भरून ओसंडायची, पाणी नालीत जायचं, आणि नालीच्या कडेला आमच्या घागरींची रांग. रिकामी. मोटर वेळेवर बंद करायलाही कुणाला सवड नव्हती! शेवटी गेले बोलायला. "दीदी, अपनी ज़मीन में खोदा है," एवढंच उत्तर.

आणि कायद्याने ते खरं आहे. ठरल्या प्रवाहातून न वाहणारं जमिनीखालचं पाणी उपसायचा हक्क १८८२चा इझमेंट कायदा जमीनमालकाला देतो. २०१९चा उत्तर प्रदेशाचा भूजल कायदा कारखान्यांना परवाना मागतो; घरगुती बोरची नोंदणी केली की झालं. भेग काही घरांच्या भिंती बघून फुटत नाही, पण हे कोर्टात कोण सिद्ध करणार?

लोक म्हणतात, जुन्या विहिरी जपायला हव्या होत्या. आमच्या वाड्यात आहे एक, कोरडी. मला तिचा उमाळा येत नाही. तिच्यावर कोण भरायचं आणि कोण ओंजळ पसरून लांब उभं राहायचं, ते आजीच्याच तोंडून ऐकलंय. हापशाचा दांडा मात्र सगळ्यांच्या हातातला. झाडूवाल्या बाईंची घागर आणि आईची घागर एकामागे एक लागायची. आई आधी कुरकुरली, मग तिने तेही सोडलं.

तरीही पाणी मुरवायचं तर तीच विहीर कामाची. झाशीत वर्षाला साधारण साडेआठशे मिलिमीटर पाऊस पडतो. १०० चौरस मीटर गच्चीवर म्हणजे ८५ हजार लिटर. गळती-वाफ धरली तरी पुष्कळ. पन्हळीचं पाणी वाळू-खडीतून गाळून विहिरीत सोडा, पहिल्या सरींचं बाहेर जाऊ द्या. मी सगळ्यांना हे सांगत फिरते. आमच्या गच्चीवर पाइप अजून लावलेला नाही, कारण मी मुरवलेला थेंब उपसणार कोण? त्यांचीच मोटर.

हापशासाठी कचेरीत गेले तर रीबोर होईल म्हणाले, आधीपेक्षा बराच खोल. मी विचारलं, मग बाजूचा बोर आटेल का?

"आट भी सकता है."

अर्ज मी उभ्या उभ्याच भरला.