वेग, डुप्लेक्स आणि दोन टोकांचा मेळ

संगणकाचे नेटवर्क कार्ड केबलने स्विचला जोडले, की आधी दोन गोष्टी ठरतात. एक वेग: सेकंदाला 10, 100 की 1000 मेगाबिट. दुसरी डुप्लेक्स. वन विभागाच्या वायरलेस सेटवर एक बोलतो तेव्हा दुसऱ्याला थांबावेच लागते. हे झाले हाफ डुप्लेक्स. फुल डुप्लेक्समध्ये दोन्ही बाजू एकाच वेळी पाठवतात आणि घेतातही.

हा मेळ आपोआप बसावा म्हणून 1995 च्या आयईईई 802.3यू मानकाने ऑटो-निगोशिएशन आणले. दोन्ही टोके साधारण दर 16 मिलिसेकंदांनी स्पंदांचा एक झुपका पाठवतात. त्यातल्या 16 बिटांत आपल्याला काय काय जमते ते सांगितलेले असते. दोघांनाही जमणारा सर्वांत वरचा पर्याय निवडला जातो.

घोटाळा होतो तो एका टोकाला कोणी हाताने '100 फुल' पक्के केल्यावर. ते टोक मग झुपके पाठवत नाही. ऑटोवरचे टोक सिग्नलवरून वेग ओळखते, पण डुप्लेक्स ओळखण्याचा मार्गच नसतो, म्हणून मानकानुसार ते हाफ धरते. दिवा हिरवा, वेग 100, 32 बाइटचे पिंग बिनतक्रार जाते. मोठी फाइल चढवायला घेतली की मात्र सगळे रखडते. हाफ बाजूला 'लेट कोलिजन' आणि फुल बाजूला 'सीआरसी एरर' वाढत असतील, तर निदान पक्के.

तरीही 'ऑटोवर भरवसा नको, वेग पक्का करा' हा सल्ला अजून ऐकू येतो. सुरुवातीच्या काळात वेगवेगळ्या कंपन्यांची उपकरणे एकमेकांशी नीट जुळत नसत, तेव्हा त्याला आधार होता. आज तो सल्ला नुकसानच करतो. तांब्याच्या केबलवरील गिगाबिटला तर ऑटो-निगोशिएशन अनिवार्यच आहे. शिवाय त्याला केबलमधल्या चारही जोड्या लागतात, तर 100 ला दोनच पुरतात. त्यामुळे क्रिम्पिंगमध्ये 4, 5, 7, 8 पैकी एक तार सैल राहिली, तर जोडणी 100 वर उतरते किंवा लागतच नाही. इथे सेटिंग बदलून उपयोग नाही. केबलच बदलावी लागते.

अपवाद मीडिया कन्व्हर्टरचा. तांब्याच्या केबलची मर्यादा 100 मीटर. त्यापुढच्या इमारतीपर्यंत फायबर टाकून दोन्ही टोकांना कन्व्हर्टर बसवतात. काही जुने कन्व्हर्टर 100 फुलवरच बांधलेले असतात. तिथे समोरचे टोकही 100 फुलच करावे.

चंद्रपूर-गडचिरोलीत नेट संथ झाले की ठपका आधी फायबरवर, टॉवरवर नाहीतर जंगलावर येतो. तो नेहमीच चुकीचा नसतो. पण खोलीतली दोन मीटरची केबल कोणी पाहतच नाही, याची खंत वाटते. सिरोंचा गडचिरोलीपासून दोनशे किलोमीटरच्या आसपास. तेवढ्या लांबून माणूस बोलावण्याआधी विंडोजमध्ये कार्डाच्या 'अ‍ॅडव्हान्स्ड' टॅबमधले 'स्पीड अँड डुप्लेक्स' पाहावे, लिनक्सवर इथटूल चालवावे, स्विचच्या पोर्टवरचे एरर मोजावेत आणि एकदा केबल बदलून पाहावी.

दोन्ही टोके ऑटोवर ठेवावीत. एक पक्के करणे भागच असेल, तर दुसरेही तसेच करावे आणि ती नोंद स्विचच्या कपाटावर चिकटवावी. पुढच्या माणसाचा दिवस वाचेल.